छापील अंकाची चौकट मी रिकामी सोडली

सुखदेव,

ही गोष्ट मी सात वर्षं टाळत आलो. दर रविवारी सकाळी तुझ्याकडे निघताना ठरवायचो की आज सांगून टाकायचं. मग तू दारातूनच ओरडायचास, "ये बे मास्तर, उशीर काऊन केला?" आणि माझं ठरवणं चपलांबरोबर बाहेर राहायचं. आता तुला जाऊन अठरा दिवस झाले. तुझ्या नातीला, प्रज्ञाला, तुझ्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायची आहे. मला म्हणाली, "मास्तर आजोबा, चार पानं तुम्ही लिहा. आबांबद्दल तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" पोरगी खरं बोलली. जे कोणालाच माहीत नाही, तेही मला माहीत आहे.

तुझा जन्म कुठला, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून किती वर्षं काढलीस, हे बाकीचे लिहितील. मी फक्त शब्दकोड्यांबद्दल लिहिणार आहे, आणि जळण्याबद्दल. मी तुझ्यावर जळत होतो, सुखदेव. ओळख झाली त्या दिवसापासून.

तो दिवस तुला आठवत असेल. नांदुरा स्टेशनचा बाक. मी उत्तरपत्रिका तपासायला मलकापूरला निघालो होतो, गाडी उशिरा होती, आणि मांडीवर कोड्यांचं मासिक उघडं होतं. 'लोहाराकडे श्वास घेतो', दोन चौकटी. मी, मराठीचा एम. ए., पाव तास पेन चावत होतो.

"भाता," मागून आवाज आला.

मी वळलो. खाकी कपड्यांवर ग्रीसचे डाग, हातात कापडात गुंडाळलेला यंत्राचा कसला तरी भाग. मी नकळत पानावर हात ठेवला.

"लिहा ना मास्तर," तू म्हणालास. "मी काही तुमचा भाता चोरून नेत नाई."

मी हसलो. तूही हसलास. गाडीत बसल्यावर मी तो शब्द लिहिला आणि मलकापूर येईपर्यंत माझा जीव कडू होऊन बसला होता. ज्याला मी कोडं म्हणजे काय ते शिकवायला हवं होतं, त्यानं उभ्या उभ्या माझं कोडं सोडवलं होतं.

पुढे रविवार सुरू झाले, तेही त्याच बाकावर. आपण कोणाच्या घरी का बसत नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या घरी त्या काळात तुझ्या जातीच्या माणसासाठी कप वेगळा ठेवला जायचा. आई ठेवायची आणि मी ठेवू द्यायचो. तू एकदाच आलास, तो कप पाहिलास, चहा प्यायलास आणि जाताना म्हणालास, "मास्तर, स्टेशनवरचा चहा बरा असते, नाई?" बस. त्यावर पुन्हा एक शब्द नाही. आई गेल्यावर तू माझ्या ओसरीवर येऊ लागलास आणि मी तुझ्याकडे. पण ती पहिली बारा वर्षं बाकावर गेली, हे या कागदावर असायला हवं.

आपल्या दोघांत एकच अंक यायचा, माझ्या पत्त्यावर, माझ्या नावानं. नियम तुझा होता: अंकावर कोणी काही लिहायचं नाही. मी वहीत चौकटी आखायचो. तू कापसाच्या गाठींना बांधतात त्या जाड चिठ्ठ्यांच्या पाठीवर आखायचास. तुझ्या रेघा माझ्यापेक्षा सरळ असत, याचाही मला राग यायचा. आणि तू कोडं उलटीकडून सोडवायचास, खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वर. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "मशीन खोलताना जो नट शेवटी कसला तो आधी खोला लागते. ज्यानं कोडं बनवलं तो खाली येईपर्यंत थकलेला असते. तिथं तो कच्चा सापडते." ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. आजही मी खालूनच सुरू करतो. ते तुझं ऋण आहे, आणि तेही मी कधी तोंडानं कबूल केलं नाही.

दर महिन्याला अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं छापून यायची. आपण उत्तरं वेगवेगळी पाठवायचो. तुझं नाव माझ्यापेक्षा जास्त वेळा यायचं. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी अंक विसरलो. आमच्या हेडमास्तरांनी यादी वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर, नांदुऱ्याचे हे सुखदेव कोणत्या शाळेवर आहेत?" मी म्हणालो, "माहीत नाही." माझ्या खोटेपणाची सुरुवात शोधायची तर ती इथे आहे.

माझा आनंदाचा महिना एकच. तो धुऱ्याचा.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कोड्यात सूत्र होतं, 'दोन शेतांमधली हद्द', दोन चौकटी आडव्या. त्यातल्या दुसऱ्या चौकटीतून खाली जाणारा शब्दही दोन अक्षरी, त्याचं सूत्र 'शेतकऱ्याची दौलत'. मी आडवं लिहिलं बांध, म्हणून उभं झालं धन. तू आडवं लिहिलंस धुरा, म्हणून उभं झालं रान. दोन्ही बसत होतं, शेवटचा न सुद्धा तोच. अंकाचं उत्तर आलं बांध आणि धन. यादीत माझं नाव होतं, तुझं नव्हतं. त्या रविवारी मी अर्धा तास आधी येऊन बाकावर बसलो होतो.

"धुरा म्हणजे जू, जबाबदारी," मी तुला समजावलं. "धुरा सांभाळणे. शिवाय तो शब्द स्त्रीलिंगी आहे."

"मंग आमच्या वावराच्या कडंले काय जबाबदारी पडून राह्यली काय?" तू म्हणालास. "अन् बाई कवापासून झाला धुरा? आपण धुऱ्यावर बसतो का धुरेवर? बांध पाण्याले घालतात मास्तर. दोन वावरांच्या मधात असते तो धुरा. तुले माहीत नाई काय? तू तं देऊळघाटचा."

"प्रमाण मराठीत बांधच."

"अन् शेतकऱ्याची दौलत धन? धन असतं तं तो मुंबईले बंगल्यात बसला असता, वावरात काऊन मरून राह्यला असता?"

बाकावरचे दोघे अनोळखी प्रवासी हसले. मी हसलो नाही. यादीत नाव माझं होतं आणि तरी लोक तुझ्या बाजूनं हसत होते.

तुला एक सांगायचं राहून गेलं. धुरा मला माहीत होता. देऊळघाटला आमच्या वावराच्या धुऱ्यावर बसून मी पाढे पाठ केले आहेत. पण पुण्याला शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेलो, पहिल्याच दिवशी वर्गात उभा राहून "मले पुस्तक भेटलं नाई" म्हणालो आणि सगळा वर्ग खिदळला. त्या वर्षभरात मी एकेक शब्द काढून टाकला. मले गेलं, तुले गेलं, काऊन गेलं, धुराही गेला. परत आलो तेव्हा आई म्हणाली, "पाव्हणा आल्यावानी बोलते." तू मात्र कुठंच गेला नाहीस, काहीच काढून टाकलं नाहीस, आणि तरी त्याच पुण्याच्या मासिकात दर महिन्याला तुझं नाव. माझ्या जळण्याचं मूळ हे होतं. जे मी मोडून दिलं होतं, ते तुझ्याजवळ शाबूत होतं आणि त्यानं तुझं काहीच अडलं नव्हतं.

धुऱ्याच्या त्या भांडणानंतर तू गुपचूप काहीतरी करू लागलास. रविवारी आलास की मधेच विचारायचास, "मास्तर, पुण्याकडे ढेपीले काय म्हणतात?" मी सांगायचो, पेंड. तू चिठ्ठीवर लिहून घ्यायचास. "अन् कुटाराले?" वैरण म्हणता येईल. "डवऱ्याले?" कोळपे. "बेसनाले?" पिठलं. मला वाटलं, शेवटी हा माणूस सुधारतोय, शुद्ध शिकतोय. मी खुशीत सांगत गेलो. माझ्याच हातानं मी तुला सामान पुरवत होतो, हे कळायला दोन वर्षं लागली.

मी निवृत्त झाल्यावरच्या उन्हाळ्यात तू माझ्या ओसरीवर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा उलगडलास. एक कोडं, अकरा बाय अकराचं. सूत्रं एकच, चौकटी त्याच, काळी घरं तीच. आणि उत्तरं दोन. एकदा सोडवलं तर सगळं पुस्तकातलं मराठी: बांध, पेंड, वैरण, कोळपे, पिठलं. तीच सूत्रं घेऊन पुन्हा सोडवलं तर सगळं वऱ्हाड: धुरा, ढेप, कुटार, डवरा, बेसन. अक्षराला अक्षर, उभ्याला आडवं, कुठेही गळती नाही. मी खालच्या उजव्या कोपऱ्यातून तपासलं, कारण तूच शिकवलं होतंस. बनवणारा तिथंही थकलेला नव्हता.

"कसं आहे?" तू विचारलंस. तुझ्या आवाजात भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पाठवून पाहू."

"तू लिहून दे ना बे तुह्या अक्षरात. माह्यं अक्षर पाहून ते मशीनचा नकाशा समजतीन."

मी तीन दिवस बसून काळ्या शाईनं ते सुंदर उतरवलं. मागच्या बाजूला, सवयीनं, पाठवणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव आणि पत्ता घातला. तुझं नाव कोड्याच्या खाली यायला हवं होतं. तिथं जागा सोडली होती. ती जागा तशीच राहिली. विसरलो का? सुरुवातीला मी स्वतःला तसंच सांगत होतो. आता सांगतो: पेन त्या जागेवर नेलं होतं, आणि उचललं.

महिन्याभरानं संपादकांचं पत्र आलं. मला, माझ्या नावानं. 'आपलं दुहेरी कोडं असामान्य आहे. असं कोडं मराठीत आमच्या पाहण्यात नाही. कृपया आपला दोन ओळींचा परिचय पाठवावा.' सुखदेव, एवढी स्तुती माझ्या वाट्याला आयुष्यात कधी आली नव्हती. ते पत्र मी चार-पाच वेळा वाचलं, आणि शेवटच्या वेळी ते मलाच लिहिलं आहे असं वाटायला लागलं.

त्याच पाकिटात एक कार्ड होतं. कागद महाग झाला होता, वर्गणीदारांनी निवड कळवायची होती. दोन चौकटी: छापील अंक, मोबाईलवरचा अंक. खाली, 'कृपया एकाच चौकटीत खूण करावी.' आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती: मोबाईलवरच्या अंकात एका घरात एकच अक्षर बरोबर धरलं जातं, त्यामुळे आपलं कोडं फक्त छापील अंकात घेत आहोत.

मी ती ओळ आणि ते कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

मोबाईलवर कोडं सोडवणाऱ्यांची मी किती टिंगल केली होती ते तुला माहीत आहे. कागदाचा वास, पेन्सिल, खोडरबर यावर मी तुला भाषणं दिली होती. तूच म्हणायचास, "पाहू तं, कसं असते ते." त्या दिवशी मी छापील अंकाची चौकट रिकामी सोडली आणि मोबाईलच्या चौकटीत बरोबरची खूण केली. परिचयात लिहिलं, 'निवृत्त मराठी शिक्षक, बोलीभाषांचे अभ्यासक.' बोलीभाषांचे अभ्यासक! मग दोन्ही पाकिटात घालून टपालपेटीत टाकलं.

तुला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांनी छापील अंक बंद केला, आता सगळं मोबाईलवर. दुसरी, तुझं कोडं नापसंत झालं, शब्द प्रमाण नाहीत म्हणाले.

तू म्हणालास, "सांगतलं होतं ना तू. बरं, ते कागद दे परत."

"कागद ते परत पाठवत नाहीत."

"अन् माह्या चिठ्ठ्या?"

"त्याही सोबत पाठवल्या होत्या. पुरावा म्हणून."

चिठ्ठ्या माझ्या कपाटात होत्या. तू मान हलवलीस आणि चहा मागितलास.

त्यानंतर आपण माझ्या मोबाईलवर कोडी सोडवू लागलो. तुझी बोटं आयुष्यभर पान्यांनी रुंद केलेली. एका घरावर ठेवलं की शेजारची दोन घरं दाबली जायची. एकदा गंमत म्हणून तू कुठल्याशा हद्दीला धुरा लिहिलास. घरं लाल झाली. मी बांध लिहिलं, हिरवी झाली. तू मोबाईल उलटा करून मागून पाहिलास. "हा पुण्यातच भरती झालेला दिसते," म्हणालास. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तू समजलास, हसण्यानं.

मोबाईलचा एक फायदा मला फार लवकर कळला. कागदाचा अंक तू पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचायचास, माझं त्यावर काही चालायचं नाही. मोबाईल माझ्या हातात असायचा. पान मी सरकवायचो. दोन महिन्यांनी वाचकांच्या पत्रांत कोणीतरी लिहिलं होतं की छापील अंकातलं नांदुऱ्याच्या सरांचं दुहेरी कोडं घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून सोडवलं, आजीनं वऱ्हाडी उत्तरं दिली आणि नातवानं पुस्तकी. माझं बोट ते पान ओलांडून गेलं.

"थांब ना, काय होतं त्यात?" तू विचारलंस.

"जाहिरात."

पुढे प्रज्ञानं तुला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. तू उत्साहानं म्हणालास, "आता मासिक माह्याही फोनात टाक." मी सांगितलं, वर्गणी एकाच फोनवर चालते. यातलंही काही खरं नव्हतं.

मी एकदा, फार सुरक्षित वाटल्यावर, तुला विचारलं, "दुसरं कोडं का बनवत नाहीस?" तू म्हणालास, "नाई बे. सोडवाले मी बरा. बनवाले तुमच्यासारखे शिकलेले पाह्यजेत." तू पुन्हा कधी बनवलं नाहीस. ज्यानं तसं एक केलं तो दहा करू शकला असता. ती दहा कोडी मराठीत नाहीत, आणि ती का नाहीत हे फक्त मला माहीत आहे.

आणि त्याच सुमारास माझी बायको गेली. लोक सांत्वनाला येत आणि गीतेतलं बोलत. तू रोज संध्याकाळी सहाला यायचास, जुना छापील अंक उघडायचास आणि म्हणायचास, "आडवे तीन सांग." दुसरं काहीच नाही. सव्वा महिना. तेराव्या दिवशी मी एका उभ्या शब्दावर रडलो तेव्हा तू चिठ्ठीवर रेघा आखत राहिलास, वर पाहिलं नाहीस. एवढ्या आधारातही माझ्या मनात आलं होतं की हे असं वागणं याला कुठून सुचतं, मला का नाही सुचत. सुखदेव, मी तुझ्या चांगुलपणावरही जळलो.

मग तुझी छाती भरू लागली. इतक्या वर्षांची कापसाची धूळ. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. शेवटच्या आधीच्या रविवारी मी तो छापील अंक, रचनाकाराची म्हणून मला आलेली ती एक प्रत, पिशवीत घालून तुझ्याकडे आलो. ठरवून आलो होतो. पिशवी मांडीवर घेऊन तुझ्या खाटेशी बसलो.

"कोडं आणलं का?" तू विचारलंस.

"आणलंय. पण आधी मला तुला..."

"थांब. मले सांगू दे. मंग दम लागते." तू उशीवर वर सरकलास. "हासशील नाई?"

"नाही."

"ते धुऱ्याचं. तूच बरोबर होता. मी लय विचार केला पडल्या पडल्या. ते लोक काही येडे नाईत. त्यायनं नाई म्हटलं म्हणजे माह्यातच काही कच्चं असंल. उगाच भांडलो तुह्यासंग इतके वर्ष."

सगळं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून हेही सांगतो. त्या क्षणी मला आनंद झाला. दुःख नंतर झालं, लाज त्याहून नंतर. आधी झाला तो आनंद. वर्षानुवर्षांचा वाद मी जिंकलो होतो आणि समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं हार मानली होती. तू बरोबर होतास हे सिद्ध करणारा कागद माझ्या मांडीवर होता, आणि मी वरून पिशवीचे बंद धरून बसलो होतो.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. "जुनी गोष्ट."

"हाव," तू म्हणालास. "चाल, आडवे एक सांग."

मी मोबाईल काढला. तू दोन शब्द सांगितलेस आणि तुझा डोळा लागला. पिशवी जशी आणली तशी घरी गेली.

जलदान विधीला तुझ्या घरी माणसं मावत नव्हती. मलकापूरच्या जिनिंगमधले म्हातारे एकमेकांना धरून आले होते. प्रत्येकाजवळ तुझा एक किस्सा होता. मी कोपऱ्यात बसून मनात हिशेब करत होतो की माझ्या वेळी यातले किती येतील. तेव्हाही, सुखदेव. तुझ्या फोटोसमोरही.

जेवणं झाल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ बसली. मलकापूरच्या दवाखान्यात ती रक्ततपासणीचं काम करते, बोलते तुझ्यासारखं, नेमकं. म्हणाली, "आजोबा, आबांनी एक कोडं बनवलं होतं ना? दोन उत्तरांचं. म्हणायचे, माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट बनवली, ती पुण्याला गेली अन् तिथंच राहिली. त्याची काही नक्कल असेल तुमच्याकडं? पुस्तिकेत छापायचं होतं."

"शोधतो," मी म्हणालो. शोधायचं काहीच नव्हतं. माझ्याच कपाटात होतं, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली, उजव्या हाताला.

पाच दिवसांनी मी तिला अंक दिला आणि तुझ्या चिठ्ठ्याही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, या कागदावर आहे त्याच क्रमानं. तिनं पान उघडलं. कोड्याखाली माझं नाव वाचलं, माझा परिचय वाचला. मग चिठ्ठ्या एकेक करून क्रमानं लावल्या. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला माफ कर, पोरी," मी म्हणालो.

"मी कशी करू?" ती म्हणाली. "ते माझं नाही, आजोबा. आबांचं आहे." आणि मग, मी दारात पोचल्यावर, "तुम्ही लिहा मात्र. सगळं लिहा. आबांचं नाव आधी लिहा."

म्हणून लिहितो. ते दुहेरी कोडं सुखदेवचं आहे. एकेक अक्षर त्याचं. माझं त्यात फक्त हस्ताक्षर होतं. संपादकांना तसं पत्र पाठवलं आहे आणि विनंती केली आहे की ही दुरुस्ती छापील अंकातही घ्यावी आणि मोबाईलवरच्याही. ते घेतील की नाही, माहीत नाही. या पुस्तिकेत ते कोडं तुझ्या नावानं आणि तुझ्या चिठ्ठ्यांवरून छापलं जाणार आहे, एवढं नक्की आहे. प्रज्ञानं ते काम स्वतःकडे घेतलं आहे.

राहिलं ते एकच. त्या रविवारी माझ्या घरापासून तुझ्या घरापर्यंत, रेल्वे फाटक बंद होतं तिथं थांबूनसुद्धा, मी मनात वाक्य घोळवत होतो: 'सुखदेव, माझ्या हातून तुझ्यावर अक्षम्य अन्याय झाला आहे.' शुद्ध, निर्दोष वाक्य. शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. कदाचित म्हणूनच ते तोंडातून निघालं नाही. ज्या बोलीत मी आईजवळ चुका कबूल करायचो ती मी पुण्याला टाकून आलो होतो, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत मला माफी मागता येत नाही. आज दार लावून, एकटा बसून, मोठ्यानं म्हणून पाहिलं. अडखळत आलं, पण आलं.

सुखदेव, तुह्यं कोडं छापून आलं होतं बे. म्या चोरलं. म्या तुले खोटं सांगतलं. तू बरोबर होता, पह्यल्यापासून तूच बरोबर होता. मी तुह्यावर जळत होतो. मले माफ कर.